दगडावरची तिथी

संगमनेर
१६ नोव्हेंबर २०२५

ती. भागिरथीअक्कास,
कचरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

कर्र... कर्र... कर्र...

अक्का, हा आवाज तुझ्या ओळखीचा आहे का? पत्राची सुरुवात अशी केली म्हणून रागावू नकोस. हल्ली सकाळी चूळ भरताना तो माझ्या कानात वाजतो. कातडी वहाणांचा आवाज. मी पहिली-दुसरीत असेन. काटेदऱ्याला पौषी पुनवेला आजोबांच्या दगडापुढे नैवेद्य दाखवून झाला, की दरसाल एक वाटसरू यायचा. तो दिसायच्या आधी त्याच्या वहाणा ऐकू यायच्या. आजी त्याला पडवीत पान वाढायची. पुरणपोळी, वर तूप. तो खाली मान घालून जेवायचा आणि हात धुतल्यावर मला म्हणायचा, "म्हन बाळा, शाळंतली कविता." मी हात मागे बांधून म्हणायचो. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मग कोपरीच्या खिशातून पेरू काढून द्यायचा. माझ्या तोंडून कविता शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो पहिला माणूस. दुसरा अजून यायचा आहे.

असो. मुद्द्यावर येतो.

गावचा सरपंच नितीन, म्हणजे आपल्या जुन्या पाटलाचा पणतू, त्याने आपल्या आजोबांचा, अजिनाथबाबांचा पुतळा बसवायचा ठराव केला आहे. सव्वीस जानेवारीला अनावरण. पुतळा फायबरचा. बाबांचा फोटो कुठेच नाही, म्हणून कारागिराने माझं तोंड घेतलं. बिबट्याशी झुंजताना अंग कसं वळतं हे त्याला पाहायचं होतं. मी आमच्या दिवाणखान्यात तक्क्याला मिठी मारून उभा राहिलो आणि सूनबाई वृषालीने चारी बाजूंनी फोटो काढले. तक्क्याचा अभ्रा तेवढा उसवला.

आणि अक्का, खाली काळ्या दगडावर माझी कविता कोरणार आहेत! चार ओळी. तू हसशील, पण चौथीच्या पुस्तकात आपली कविता असावी ही माझी चौथीपासूनची इच्छा. दूध संघात नोकरी झाली, पुस्तकाचं राहून गेलं. पुस्तक नाही तर नाही, दगड तर दगड. दोन ओळी तयार आहेत:

झेप घेई बिबट्या, आजोबा न डगमगे,
कुंकू आजीचे अमर, गाव सारे बघे.

गोष्ट तुला पाठ आहे, तरी लिहितो, लिहिताना अंगावर काटा येतो म्हणून. अडतीस साल. गावच्या मेंढरांवर बिबट्या टपलेला. पाटलाने राखणीला बाबांना धाडलं. दिवेलागणीला मेंढरं एकूण एक घरी आली, बाबा आले नाहीत. दगडाबाई आजी आणि शेजारचा मुलाणी शोधायला गेले, तर ओढ्याकाठी रक्ताने भिजलेला फेटा आणि एक वहाण. देह मिळाला नाही. त्या दिवसापासून बिबट्याही दिसला नाही. गावाने तिथे दगड मांडून शेंदूर लावला. पाटील स्वतः आपल्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, असल्या माणसाची बायको विधवा होत नाही, कुंकू पुसायचं नाही.

आता अडचण. दगडावर पुण्यतिथी कोरायची आहे. गाव म्हणतं पौषी पुनव. पण मला पक्कं आठवतं, आजी पितृपंधरवड्यात बाबांचं पान पंचमीला वाढायची. तुझ्याकडे राहात्यालाही पंचमीलाच वाढतात. माणूस ज्या तिथीला जातो त्याच तिथीला त्याचं पान. मग पुनवेला गेलेल्या माणसाचं पान पंचमीला कसं? आजी दरसाल महिना-महिना लेकीकडे, म्हणजे तुमच्याकडे येऊन राहायची, तुला ठाऊक असेलच. कळव.

फोन करत नाही. एक तर तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, आणि दुसरं म्हणजे कविता सुरू केली की तू फोन ठेवतेस.

तुझा
कचरू


राहाता
२७ नोव्हेंबर

चि. कचरूस भागिरथीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कविता सोडून बाकीचं वाचलं.

पुनव घाल. गाव म्हनतंय तर पुनवच आसंल. आजीचं वय झाल्तं, तिथीत गडबड झाली आसंल. मला सातवी फायनलनंतर काय ध्यानात ऱ्हात न्हाई.

ते कर्र कर्र शेजारच्यांच्या दाराचं आसंल. पेरूचं म्हनशील तर राहात्याच्या अंगाला कोनाच्या बी खिशात पेरू आसत्यात, त्यात काय लिवायचं.

पुतळ्याला तुझं त्वांड दिलं हे ब्येस झालं. बिबट्या घाबरंल.

माझं गुडगं काम करीनात. सचिननं वॉकर आनलाय. दोन वर्सं झाली, मी उंबऱ्याभाईर पाय ठिवला न्हाई. तवा सव्वीस जानेवारीला ये म्हनू नको.

आन् कचरू, या वयात लई खोदू नाई. पाठ धरती.

भागिरथी


संगमनेर
११ डिसेंबर

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

"लई खोदू नाई" हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं आणि काटेदऱ्याची एस.टी. धरली.

जैनुद्दीनचाचांना भेटून आलो. आपल्या शेजारच्या त्या मुलाण्याचा मुलगा. नव्वदीला टेकले आहेत. अंगणात बाजेवर पडून असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव सांगतात, निम्मी बरोबर असतात. मला पाहून म्हणाले, "ये अजिनाथ." मी म्हटलं, "चाचा, मी कचरू, त्यांचा नातू." म्हणाले, "त्वांड त्येच हाय." मला फार बरं वाटलं. कारागिराची निवड चुकली नाही तर.

मी विचारलं, "चाचा, बाबांना बिबट्याने नेलं तेव्हाचं काही आठवतं?"

"मी रांगत हुतो. आमची अम्मा सांगायची."

"काय सांगायच्या?"

"की त्या दिवशी मटण झकास झाल्तं."

मी म्हटलं, असं कसं? चाचा म्हणाले, "आसंच. वार सोमवार. सोमवारी गावात कोन खात न्हाई, अब्बा कापत न्हाई. पर त्या सोमवारी दिवं लागल्यावर अब्बानं घरचा बोकड कापला. अम्मा म्हनायची, उभ्या जल्मात सोमवारचं मटण येकदाच खाल्लं."

"आणि बिबट्याबद्दल तुमचे अब्बा काय म्हणायचे?"

"अब्बा लई बोलका मानूस. हिरीत पानसाप दिसला तर म्हैनाभर पुरवायचा. बिबट्याचं मातुर कदी बोलला न्हाई."

अक्का, काय ही मैत्री! मित्र सापडावा म्हणून मुलाण्याने वार न पाहता घरचा बोकड नवसाला दिला. आणि दुःख इतकं खोल, की बोलका माणूस त्याविषयी जन्मभर गप्प राहिला. एस.टी.त येतानाच मी यावर दोन कडवी केली. शेजारच्या प्रवाशाला म्हणून दाखवली. तो घारगावला उतरला. त्याला संगमनेरला यायचं होतं.

आता दुसरी गोष्ट. मी नववीत होतो, बासष्ट साल. आजी माघात तुमच्याकडून परत आली ती मोकळ्या कपाळाने. हातात बांगड्या नाहीत. माझ्या वडिलांनी, आप्पांनी विचारलं तर म्हणाली, "आता वय झालं." इतकी वर्षं गावाच्या साक्षीने कुंकू लावणाऱ्या बाईला एका महिन्यात वय होतं का? मला वाटतं, तिला त्या वर्षी स्वप्नात काही दृष्टांत झाला असावा. यावरही एक कडवं होईल.

पण पंचमीचा उलगडा होत नाही. नितीन मदतीला आला आहे. त्याने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आहे, की अजिनाथबाबांविषयी कुणाच्या घरी काही ऐकीव असेल तर कळवावे. राहात्याचा एक ग्रुप आहे, तिकडेही पाठवतो म्हणाला, कारण बाबांची लेक, म्हणजे तुझी आई, तिकडेच दिलेली होती. कुणीतरी बोलेलच.

तुझा
कचरू


राहाता
२२ डिसेंबर

चि. कचरूस आशीर्वाद.

त्या नितीनला सांग, राहात्याच्या ग्रुपवर काय बी टाकायचं न्हाई. आजच सांग. मग फुडचं वाच.

तू कवितेत घालशील म्हनून इतकी वर्सं गप ऱ्हायले. आता कुनी भलताच बोलायच्या आदी मीच सांगते. बसून वाच.

आपला बाबा भित्रा हुता. भित्रा म्हंजी साधा न्हाई. कोंबडी अंगावर उडाली तरी ओट्यावर चढायचा. सगळ्या गावाला ठावं हुतं. पाटील तर चावडीवर त्येची नक्कल करायचा, लोकं पोट धरून हसायची. आन् गंमत म्हनून त्यानंच बाबाला मेंढरामागं धाडलं.

दिवं लागायच्या टायमाला घायपातात काय तरी हाललं. बिबट्या हुता का न्हाई ते बी नक्की न्हाई. बाबा मला म्हनायचा, "काय तरी हुतं." फेटा तिथंच पडला, येक वहान तिथंच पडली, आन् बाबा पळाला. मेंढरं आपली चालत आपापल्या घरी गेली. बाबा मातुर घरी आला न्हाई. मुलान्याच्या दान्याच्या कनगीत जाऊन बसला.

आजी शोधत मुलान्याच्या दारात गेली. तो म्हनला, मी न्हाई बघितला. तवर कनगीला उचकी लागली.

बाबा भाईर याया तयार हुईना. म्हनला, उद्या पाटील नक्कल करील, पोरं दगड मारत्याल, माझ्या पोराला जल्मभर भित्र्याचा म्हनत्याल, मी हिरीत जीव देतो. तवा आजी म्हनली, "जीव कशाला द्यायचा? दिला म्हनून सांगू."

हे तिचं बोलनं मी तिच्या तोंडून आईकलंय. हसत न्हवती.

मुलानी म्हनला, मग रगत पायजे. तुझा नवसाचा बोकड त्यो. उद्याच्या बाजाराला न्ह्यायचा हुता.

ठरलं आसं, की बाबानं चार दिस माझ्या आईकडं राहात्याला ऱ्हायाचं, मग कुटं तरी घावला म्हनून परत यायचं. पर चार दिसांत गावानं दगुड मांडला. शेंदूर लावला. जो पाटील नक्कल करायचा त्यो आजीच्या ओट्यावर येऊन रडला. गावातल्या बायका आजीला आदी पानी भरू द्याया लागल्या. बाबा चौथ्या दिसी आला तो शिवंवरनंच दगुड बघून माघारी फिरला. शेंदूर लागल्यावर मानूस परत कसा येनार? तूच सांग.

माझ्या बापाकडच्या आज्याची पेरूची बाग हुती. तिथं राखनदार ऱ्हायला. पाखरं हानायचा, डबा वाजवायचा. आमी पोरं त्याला राखनदार बाबाच म्हनायचो. मला मोठेपनी आईनं सांगितलं. चांभाराकडनं वहाना मुद्दाम करकर वाजनाऱ्या करून घ्यायचा. दुसरी लोकं ऐटीला घालायची, ह्यो भ्याला म्हनून. आई तेल लावाया गेली तर वरडायचा. म्हनायचा, "ऱ्हाऊ दे. वाटंत काय आसलं तर आवाज आईकून बाजूला हुतं."

पौषी पुनवेला दाढी वाढवून काटेदऱ्याला जायाचा. सोताच्याच निवदाची पुरनपोळी खाऊन यायचा. कुनी वळकला न्हाई. गाव दगडाकडं बघत हुतं, मानसाकडं कोन बघतंय. आजीनं कुंकू पाटलासाटी ठिवलं न्हवतं, कचरू. नवरा जित्ता हुता म्हनून ठिवलं हुतं.

तुझ्याबद्दल बोलायचा. म्हनायचा, "आप्पाचं पोरगं हुशार न्हाई, पर कविता म्हनताना भीत न्हाई." त्येला ते लई मोठं वाटायचं.

बासष्ट साली माघ वद्य पंचमीला बागेतल्या खोपीत गेला. ताप आल्ता. आजी जवळ हुती. बांगड्या तिनं सोताच फोडल्या. राखनदार गेला म्हनून चार मानसांनी न्हेला. नाव घेऊन कुनी रडलं न्हाई.

तवापासनं पंचमीला पान आजी वाढायची, मग आई, आता मी. माघात बी वाढते, त्यात येक पेरू ठिवते. सचिनला म्हनलं, माझ्यामागं तू वाढ. तो म्हनला, "आई, आता सगळं ऑनलाइन हुतं." माझं वय बघ. मी गेल्यावर त्या मानसाची खरी तिथी कुनालाच ठावं नसंल. दगडाला निवद मिळंल, त्येला न्हाई. येवढंच माझ्या जिवाला लागून हाय.

आता तू काय करनार?

भागिरथी


राहाता
१४ जानेवारी २०२६

चि. कचरूस आशीर्वाद.

तिळगूळ घे. गोड बोलू नको, नुसतं बोल. तीन आठवडं झालं, तुझं पत्र न्हाई. कविता बी न्हाई. मला सवय न्हाई.

फोन केल्ता. वृषाली म्हनली, आमचं बाबा गॅलरीत बसत्यात आन् तक्क्याकडं बघत्यात.

रुसलास का बाबावर? त्येनं कुनाचं काय वाईट केलं? बिबट्या आला न्हाई, मेंढरं गेली न्हाईत, बोकड तेवढा गेला.

पुतळा नगं म्हनू नको, नितीननं मंडप सांगितला आसंल. आन् खरं बी माईकवर सांगू नको. आजीनं जे येवढी वर्सं झाकलं ते तू सव्वीस जानेवारीला उघडू नको. तुझा दगुड ऱ्हाईल, कविता ऱ्हाईल. पुनव घाल आन् मोकळा हो. पंचमीचं माझं मी बघते, हाय तवर.

उत्तर धाड.

भागिरथी


संगमनेर
५ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

आज संकष्टी. वृषालीने उपासाला रताळी दिली आहेत आणि मी निवांत बसून लिहितो आहे. उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र वाचून मी आधी पुतळा पाहायला गेलो होतो. कारागिराने माझ्या चेहऱ्यावर असं शौर्य काढलं आहे की मला स्वतःलाच भीती वाटली. बिबट्याला ठिपके देताना त्याचा रंग संपला, त्यामुळे मागचा अर्धा बिबट्या साधा आहे. मी पुतळ्यासमोर उभा राहिलो आणि मनात म्हटलं, बाबा, आपण दोघेही इथे नाही.

पौषी पुनवेला काटेदऱ्याला गेलो. गावाने नैवेद्य दाखवला. मी चुलतभावाच्या पडवीत एक पान जास्त वाढायला सांगितलं. "कोण येणार आहे?" म्हणाले. मी म्हटलं, कुणी आलं तर असू दे. कुणी आलं नाही. शेवटी मीच बसलो त्या पानावर, खाली मान घालून.

तिथेच चार ओळी झाल्या. आधीचं सगळं फाडून टाकलं. नवसाच्या बोकडाचं कडवं चांगलं होतं, पण गेलं.

नितीनला कागद दिला. त्याने वाचला.

"काका, ह्यात बिबट्या कुठाय?"

"पुतळ्यात आहे. दोनदा कशाला?"

"आन् पेरू कुठून आला?"

"यमकाला लागतो."

नितीन बी.ए. आहे. त्याने मान हलवली. मग तिथी पाहिली आणि थांबला. म्हणाला, "माघ वद्य पंचमी? गाव तर पुनव म्हणतं. बिबट्या पुनवेलाच आल्ता ना?"

मी म्हटलं, "आला पुनवेला. पण जखमी माणूस लगेच जातो असं नाही."

"मग किती दिवस काढले बाबांनी?"

"बरेच."

"कुणाकडं?"

"लेकीकडे," मी म्हटलं. "सगळं तुझ्या ग्रुपवर टाकू नकोस, घरातली गोष्ट आहे." त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, एवढ्या जखमा घेऊन राहात्यापर्यंत चालत गेले! त्याने साल विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दगडावर नुसती तिथी कोरली आहे.

आता सव्वीस जानेवारीचं ऐक. झेंडावंदन झालं, पुतळ्यावरचं कापड निघालं, टाळ्या झाल्या. लहान मुलांनी विचारलं हा कोणता प्राणी, शिक्षकांनी त्यांना गप्प केलं. मग माझं नाव पुकारलं. अक्का, मी हात मागे बांधले. माईकपुढे हात मागे बांधू नयेत असं मला नंतर कळलं. कविता सुरू केली:

कर्रकर्र वाजे पायी वहाण,
दूरच्या बागेला कुणाची राखण?
दगडा, तुझ्यावर गावाची माया,

एवढ्यात मंडपामागच्या उसात काही तरी हाललं.

कुणी तरी ओरडलं, "बिबट्या!"

आमच्याकडे हल्ली उसात बिबटे असतात हे तुला माहीत आहे, मागच्याच महिन्यात शेजारच्या वाडीवर पिंजरा लावला होता. तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नुसतं सगळं गाव उठलं. मला वाटलं होतं, मी उभा राहीन. पुतळ्याला तोंड माझं आहे, समोर लहान मुलं आहेत, हातात माईक आहे. अक्का, मी पळालो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी इतका चांगला पळेन असं मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. सत्काराचा फेटा बाभळीला अडकला. एक चप्पल मंडपात राहिली. पाय कुठे नेतात हे पाहिलंच नाही, आणि भानावर आलो तेव्हा जैनुद्दीनचाचांच्या घरात, धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे उभा होतो.

नितीन आधीच तिथे होता.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. बाहेर अंगणात चाचा बाजेवर तसेच पडलेले. त्यांचे पाय चालत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी गावात न पळालेले ते एकटेच. तिथून म्हणाले, "बसा, बसा. आमच्याकडं जागा हाय. पयल्यापासनं."

दुपारी वनखात्याचा माणूस आला. त्याने ठसे पाहिले आणि सांगितलं, कुत्रं आहे. लोकांनी त्याला चहा दिला आणि निरोप दिला. संध्याकाळपर्यंत गावात असं ठरलं, की बिबट्या आला, पुतळा पाहिला आणि परत फिरला. दुसऱ्या दिवशी त्यात नितीनने माईक फेकून मारल्याचं आलं. परवा एस.टी.त एक बाई सांगत होती, की एक म्हातारा कवी शेवटपर्यंत जागचा हालला नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मी कोण बोलणार? माझी चप्पल अजून मिळालेली नाही.

एक मात्र झालं. तुझ्या त्या मोठ्या पत्रानंतर मला बाबांचा राग आला होता, हे खरं. माझा आजोबा, माझं कडवं, माझा दगड, सगळं गेलं असं वाटलं. कोठीमागे तसा लपून उभा असताना माझ्या मनात पहिल्यांदा त्यांची स्पष्ट आठवण आली. तोंडासकट. मिटलेल्या डोळ्यांसकट. इतकी वर्षं मला नुसता आवाज आठवत होता.

तर अक्का, उद्या पंचमी. सकाळीच मी काटेदऱ्याला जाणार आहे. गाव उद्या दगडापुढे पान वाढणार आहे, कारण दगडावर तसं कोरलं आहे, आणि आपल्या गावाला माणसाचं एक वेळ पटत नाही, दगडाचं पटतं. महिला मंडळाने पाळ्याही लावून घेतल्या आहेत. पानात एक पेरू ठेवायचा असं मी सांगितलं. कुणी विचारलं नाही. कवितेत आहे म्हटल्यावर असणारच, असं त्यांचं म्हणणं.

तुझ्यामागे कोण, ही तुझी काळजी होती. गाव आहे. कुणासाठी वाढतो ते त्यांना ठाऊक नसेल, पण ज्याचं त्याला पोचेल. आजीने झाकलेलं झाकलेलंच आहे.

फक्त एक राहून गेलं. तीनच ओळी झाल्या आणि पळापळ झाली. चौथी ओळ, जी खरी होती, ती कुणी ऐकलीच नाही. दगडावर आहे, पण दगडावरचं कुणी मोठ्याने वाचत नाही. आणि तुझ्यापुढे म्हणावी तर तू

थांब हं. बाहेर कसला तरी आवाज येतोय.

कर्र... कर्र...

अक्का, शपथेवर सांगतो, कर्र, मग जरा थांबून पुन्हा कर्र. आमच्या दारापुढच्या फरशीवर. वृषालीने दार उघडलं. मी इथून नुसतं ऐकतो आहे.

"अगं बाई, राहात्याच्या आत्या! तुम्ही? एकट्याच?"

"येकटी कशाला? सचिन गाडी लावतोय. सरक जरा, वॉकर आत येऊ दे."

"किती वाजतोय हो हा. सांध्याला तेल सोडू का?"

"ऱ्हाऊ दे. वाटंत काय आसलं तर बाजूला हुतं."

आता ती दाराच्या चौकटीत आहे. वॉकरला पिशवी अडकवली आहे, पिशवीतून पेरूंचा वास इथपर्यंत येतो आहे. मला अजून उठता आलेलं नाही. म्हणते आहे, "नितीननं व्हिडिओ धाडला. पळताना ब्येस दिसतोस. मागं दगडावर पंचमी वाचली, तवाच सचिनला म्हनलं, गाडी काढ. उद्या मला काटेदऱ्याला न्हे. पर आदी टेकू दे मला, आन् मग ती ऱ्हायलेली ओळ म्हन. पयल्यापासनं म्हन, सगळी."

पत्र इथेच थांबवतो. टाकायचं कुठे हाही प्रश्न आहे. ऐकणारं माणूस दारात उभं आहे.

कचरू